फील्ड बुक कशी लिहावी: सर्व्हेइंग शिकणाऱ्यांसाठी

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला ग्रुपमधल्या प्रत्येकाला उपकरणावर उभं राहायचं असतं. वही मात्र उरलेल्याच्या हातात येते. त्याला वाटतं, आपलं काम दुय्यम आहे. पण संध्याकाळी लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं उपकरण) पेटीत जाते, ट्रायपॉड लॅबमध्ये जमा होतो आणि आपल्याजवळ राहते ती फक्त वही. नकाशा, आरएल (बिंदूंच्या उंच्या), क्षेत्रफळ, जर्नल हे सगळं त्या चार-सहा पानांतूनच निघायचं असतं.

वही चांगली की वाईट, हे ठरवायला मी एकच कसोटी लावते. त्या दिवशी मैदानावर नसलेल्या माणसाला ही वही दिली, तर तुम्हाला एकही फोन न करता त्याला नकाशा काढता आला पाहिजे. पुढची प्रत्येक सूचना या कसोटीतूनच आली आहे.

ही अपेक्षा अवास्तव नाही. आपल्या राज्यात भूमी अभिलेख कार्यालयांत जुन्या मोजणीची टिपणं जपून ठेवलेली आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात जी मोजणीची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांची शंकू साखळी, तिचे १६ भाग म्हणजे आणे, आणि हाताने काढलेली शेताची आकृती. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, पण प्रत्येक बाजूचं माप त्यावर असतं. मोजणारा माणूस जाऊन शतक उलटलं, तरी ठाण्या-रायगडातल्या एखाद्या हद्दीच्या वादात त्याच टिपणावरून आजचा भूकरमापक बांध शोधतो. त्या अनोळखी माणसाने शेतात उभं राहून आकडे नीट लिहिले नसते, तर आज तंट्याला तोडगा नसता.

घरून निघताना

वही बांधीव घ्या, सुट्या कागदांवर लिहू नका. सुटा कागद वाऱ्याने उडतो, आणि तो उडाला नाही तरी ‘हा कागद त्याच दिवशीचा कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. पानांना नंबर आधीच घालून ठेवा. लेव्हलिंगसाठी छापील रकान्यांचं लेव्हल बुक मिळतं. साखळी किंवा टेपच्या कामाला मधोमध रेघ असलेली लांबट फील्ड बुक लागते.

लिहायला पेन्सिल, तीही टोक काढलेली २एच किंवा ३एच. एचबीचं शिसं मऊ असल्यामुळे तळहाताखाली पान काळं होतं. जेल पेन तर मुंबईत कामाचंच नाही. आपलं सत्र सुरू होतं ऐन पावसाळ्यात, आणि पाऊस उघडला की घाम. कडक पेन्सिलीचा ठसा कागदात रुतून बसतो, पान भिजून सुकलं तरी आकडा वाचता येतो. वही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन पेन्सिली बरोबर घ्या. खोडरबर घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

पहिलं रीडिंग घेण्याआधी

उपकरण लागेपर्यंत लिहिणाऱ्याने पानाचा माथा भरून काढावा. कामाचं नाव, जागा, तारीख, सुरू केल्याची वेळ, हवामान, उपकरणाचा प्रकार आणि त्यावरचा नंबर, ग्रुपमधल्यांची नावं आणि कोण काय करतोय. हवामान कशाला, असं विचारलं जातं. दुपारी बारानंतर डांबरी रस्त्यावर किंवा मैदानावर हवा थरथरते, लांबचा स्टाफ (मापाची उभी पट्टी) नाचताना दिसतो आणि शेवटचा मिलिमीटर अंदाजाने लिहावा लागतो. दोन दिवसांच्या रीडिंगमध्ये फरक आला तर ‘कडक ऊन, हवा थरथरत होती’ ही नोंद तो समजावून देते. उपकरणाचा नंबरही असाच उपयोगी पडतो. एखाद्या लेव्हलमध्ये कोलिमेशनची (दुर्बिणीची नजर आडवी न राहण्याची) चूक आहे असं नंतर कळलं, तर तिच्यावर झालेली कामं कोणती, हे वहीवरूनच सापडतं.

बेंचमार्कचं (बीएम), म्हणजे जिची उंची आधी माहीत किंवा गृहीत आहे त्या खुणेचं, वर्णन सगळ्यात काळजीने करा. ‘गेटजवळचा बीएम’ म्हणजे काहीच नाही. ‘मुख्य दाराच्या डाव्या हाताच्या जोत्याचा कोपरा, लाल रंगाची फुली, आरएल १००.००० गृहीत’ हे वर्णन झालं. ‘गृहीत’ हा शब्द गाळू नका. खरा आरएल मिळाला असेल तर तो कोणत्या डेटमवरचा (उंची मोजायच्या शून्य पातळीवरचा) आहे, तेही लिहा. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. महापालिकेच्या रस्त्यांच्या आणि गटारांच्या नकाशांवर लेव्हल टीएचडीत, म्हणजे टाउन हॉल डेटममध्ये असतात. फोर्टमधला टाउन हॉल म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, ती पायऱ्यांची इमारत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंच्या मात्र सरासरी समुद्रसपाटीपासूनच्या असतात. दोन्हींत वीस मीटरांहून जास्त फरक आहे. आकड्यापुढे डेटम नसेल तर तो आकडा कितीही अचूक असला तरी निरुपयोगी.

स्केच

डावीकडचं अख्खं पान स्केचसाठी ठेवा. स्केल लागत नाही, चित्रकला लागत नाही. उत्तर दिशेचा बाण, स्टेशनची नावं, इमारतींच्या कडा, झाडं, मॅनहोल, कुंपण, आणि उपकरण कुठे उभं होतं ती जागा एवढं आलं पाहिजे. आकड्यांच्या रकान्यात जी नावं वापराल तीच स्केचवर. रकान्यात ‘बी’ आणि स्केचवर ‘कँटीनचा कोपरा’ असं असेल, तर दोन्ही जागी दोन्ही लिहा.

स्केच काम सुरू होण्याआधी काढायला घ्यावं आणि काम चालू असताना भरत जावं. संध्याकाळी लोकलमध्ये बसून आठवणीतून काढलेल्या स्केचमध्ये डावं-उजवं हमखास उलटतं.

बोलणारा आणि लिहिणारा

रीडिंगमधल्या निम्म्या चुका डोळ्यांच्या नसतात, कानांच्या असतात. मुंबईत रस्त्यालगत काम करताना बसचा हॉर्न, शेजारचं बांधकाम, रुळांजवळ असाल तर दर तीन-चार मिनिटांनी गाडी. त्यात ‘एकोणपन्नास’ आणि ‘एकोणसाठ’, ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ ऐकायला किती जवळचे आहेत ते पाहा. म्हणून रीडिंग सुट्या अंकांत सांगायचं: ‘एक, दशांश, चार, आठ, पाच.’ इंग्रजीत सांगितलं तरी हरकत नाही, पण ग्रुपने दिवसभर एकच भाषा धरावी.

लिहिणाऱ्याने आधी लिहावं, मग लिहिलेलं वाचून मोठ्याने परत सांगावं. ऐकलेलं लगेच परत म्हणण्यात अर्थ नाही, कारण चूक बऱ्याचदा कान आणि पेन्सिल यांच्यामध्ये होते. उपकरणावरच्याने ते ऐकताना पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहावं आणि ‘बरोबर’ म्हणावं. तोवर स्टाफ धरणाऱ्याला हलायची खूण करायची नाही.

आकडे मोकळे लिहा. एक आणि सात, शून्य आणि सहा वेगळे दिसले पाहिजेत. एकापेक्षा लहान रीडिंगला दशांशाआधी शून्य घाला: ०.९६५. आणि तीन स्थळं म्हणजे तीनच. १.४८ लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की रीडिंग १.४८० होतं, की तिसरा अंक घ्यायचा राहून गेला.

लेव्हल बुकचं एक पान

आता एक छोटं काम शेवटपर्यंत बघू. कॉलेजच्या दारापासून मागच्या फाटकापर्यंत लेव्हल न्यायची आहे. बीएस म्हणजे उपकरण लावल्यावरचं पहिलं रीडिंग, एफएस ते हलवण्याआधीचं शेवटचं, आयएस मधली रीडिंग; एचआय म्हणजे दुर्बिणीच्या नजरेची उंची आणि सीपी म्हणजे चेंज पॉइंट. पान असं दिसेल:

| स्थान | बीएस | आयएस | एफएस | एचआय | आरएल | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| बीएम | १.४८५ | | | १०१.४८५ | १००.००० | जोत्याचा कोपरा, लाल फुली, गृहीत |
| १ | | १.२२० | | | १००.२६५ | कर्बचा माथा |
| २ | | १.७३५ | | | ९९.७५० | रस्त्याचा मध्य |
| सीपी १ | ०.९६५ | | २.१४० | १००.३१० | ९९.३४५ | मॅनहोलच्या झाकणाची उत्तर कड |
| ३ | | १.३१० | | | ९९.००० | गटाराच्या जाळीचा माथा |
| ४ | | | १.६७५ | | ९८.६३५ | फाटकाच्या उंबऱ्याचा दगड |

सीपी १ ची ओळ नीट बघा. चेंज पॉइंटवर स्टाफ तोच, जागा तीच, फक्त उपकरण हललं. म्हणून एफएस आणि बीएस एकाच ओळीत येतात. नवशिके इथे दोन ओळी करतात आणि पुढचा सगळा हिशेब घसरतो. शेऱ्यात ‘उत्तर कड’ लिहिलं आहे, कारण झाकण कललेलं असू शकतं. एफएस एका कडेवर आणि बीएस दुसऱ्या कडेवर घेतलं तर तो फरक पुढच्या प्रत्येक आरएलमध्ये जातो. पान संपताना शेवटचं रीडिंग आयएस असेल, तर ते त्या पानावर एफएसच्या रकान्यात आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत बीएसच्या रकान्यात लिहायचं. तसं केलं की प्रत्येक पान स्वतंत्रपणे तपासता येतं.

तपासणी पानाखालीच करा. बीएसची बेरीज २.४५०, एफएसची ३.८१५, फरक उणे १.३६५. शेवटचा आरएल वजा पहिला: ९८.६३५ वजा १००.०००, तोही उणे १.३६५. जुळलं.

पण जुळलं म्हणजे काय, हे समजून घ्या. या पडताळणीने फक्त एवढंच सिद्ध झालं की चेंज पॉइंटची आणि शेवटची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. १, २ आणि ३ या बिंदूंचे आरएल काढताना चूक केली असती तर एचआय पद्धतीत ती इथे दिसलीच नसती. राइज अँड फॉल पद्धतीत (लागोपाठच्या दोन रीडिंगच्या फरकातून चढ-उतार काढायच्या) ती दिसते, म्हणून शिकताना मी तीच सुचवते. याच रीडिंगवर राइजची बेरीज ०.२६५, फॉलची १.६३०, फरक पुन्हा उणे १.३६५.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. समजा बिंदू २ चं रीडिंग १.७३५ ऐवजी १.६३५ वाचलं. कोणत्याही पद्धतीत, कोणत्याही बेरजेत ही चूक सापडणार नाही. परत बेंचमार्कवर येऊन काम बंद केलं, तरी सापडणार नाही, कारण आयएस त्या साखळीत येतच नाही. क्लोजिंगने पकडली जाते ती बीएस-एफएसमधली चूक. आयएसला फक्त वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या काळजीचं संरक्षण आहे.

ते संरक्षण वाढवायचा एक स्वस्त उपाय म्हणजे दुर्बिणीतल्या तिन्ही आडव्या तारा वाचणं. वरची १.६१२, मधली १.४८५, खालची १.३५८. वरची आणि खालची मिळून २.९७०, निम्मे १.४८५. मधल्या तारेशी जुळलं. शिवाय दोघींचा फरक ०.२५४, त्याला शंभराने गुणलं की अंतर २५.४ मीटर, तेही फुकट मिळालं. प्रत्येक आयएसला हे करायला वेळ नसेल, तर निदान बीएस, एफएस आणि ज्यांच्यावर डिझाइन अवलंबून आहे त्या बिंदूंना करा.

दहा सेंटिमीटरची चूक किती मोठी? १ : ५०० उताराचं गटार ३० मीटर लांबीत फक्त ६ सेंटिमीटर उतरतं. म्हणजे तुमच्या वहीतली एक चुकीची ओळ पाण्याला उलट्या दिशेने वाहायला लावते. दादरच्या हिंदमातासारखा बशीसारखा खोलगट भाग असलेल्या शहरात, जिथे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तिथे लेव्हल शिकणाऱ्याने ही ओळ हलकी समजू नये.

बंद केलेल्या लूपची चूक किती चालेल? पाठ्यपुस्तकांत चांगल्या कामासाठी १२√के मिलिमीटर हा नियम दिलेला असतो, के म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. ४०० मीटरच्या लूपला साधारण साडेसात मिलिमीटर. आलेली चूक आणि चालणारी चूक दोन्ही वहीत लिहा. चूक जास्त आली तरी ती जशीच्या तशी लिहा.

चुकलं तर

खोडायचं नाही. गिरवायचं नाही. चारचा नऊ करायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारा, मूळ आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहा आणि बाजूला आपली आद्याक्षरं. अख्खं पान बाद झालं तर तिरकी रेघ मारून ‘रद्द, उपकरण हललं’ असं कारण लिहा. पान फाडू नका.

हा नियम शिस्तीसाठी नाही. बऱ्याच वेळा पहिला आकडाच बरोबर निघतो आणि ‘दुरुस्ती’ चुकीची. खोडलेलं परत आणता येत नाही. कोर्टात किंवा कंत्राटदाराच्या बिलावर वाद झाला, तर खाडाखोड केलेल्या वहीला कोणी विचारत नाही, रेघ मारून दुरुस्त केलेली वही मात्र ग्राह्य धरली जाते.

आणि सगळ्यात मोठा अपराध म्हणजे आकडा बनवणं. क्लोजिंग ४ मिलिमीटरने हुकलं म्हणून शेवटचं रीडिंग ४ ने बदलणारे ग्रुप असतात. परीक्षकाला असं पान लगेच ओळखू येतं, कारण खऱ्या रीडिंगमध्ये चूक शून्य क्वचितच येते. थोडी चूक असलेलं प्रामाणिक पान जास्त मोलाचं, हे जर्नल तपासणाऱ्यांनीही मार्क देऊन दाखवायला हवं.

साखळी आणि टेपचं काम

इथे वही उलटी लिहायची, म्हणजे पानाच्या तळापासून वर. विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. तुम्ही ‘ए’ स्टेशनकडून ‘बी’कडे चालता, वही समोर धरता, तेव्हा पानाचा वरचा भाग चालायच्या दिशेला असतो. मग रस्त्याच्या डावीकडचं झाड पानावरही डावीकडेच येतं.

मधल्या दोन रेघांमध्ये फक्त साखळीचं अंतर, तेही सुरुवातीपासूनचं सलग. तिथे दुसरं काही लिहायचं नाही. ऑफसेट (साखळीपासून काटकोनातलं अंतर) त्या-त्या बाजूला: १८.४० समोर डावीकडे ३.२५, पुढे ‘पर्जन्यवृक्ष, खोडाचा मध्य’. खोडाचा मध्य की कड, भिंतीची आतली बाजू की बाहेरची, हे लिहिलं नाही तर नकाशात झाड भिंतीत घुसतं. प्रत्येक रेषेला नवं पान घ्या. चेक लाइन (पडताळणीसाठीची जादा रेषा) मोजली असेल तर तिच्या पानावर ठळक तसं लिहा, नाहीतर प्लॉटिंगच्या वेळी ती सापडतच नाही.

कंपास आणि थिओडोलाइट

कंपासच्या कामात फोर बेअरिंग आणि बॅक बेअरिंग (रेषेची जातानाची आणि उलटी दिशा) शेजारी लिहा आणि फरक तिथेच काढा. तो १८० अंश आला नाही तर आसपास काय आहे ते शेऱ्यात नोंदवा: लोखंडी रेलिंग, पार्क केलेली गाडी, विजेचा खांब. मुंबईत लोखंडापासून दूर अशी जागा मिळणं कठीण, त्यामुळे लोकल अॅट्रॅक्शन (लोखंडामुळे सुई सरकणं) गृहीतच धरा. दुरुस्ती मात्र घरी, वेगळ्या रकान्यात. पाहिलेला आकडा आणि काढलेला आकडा कधी एका रकान्यात येऊ देऊ नका.

थिओडोलाइटला (कोन मोजायच्या उपकरणाला) फेस लेफ्ट आणि फेस राइट, म्हणजे उभं वर्तुळ डावीकडे आणि उजवीकडे ठेवून, दोन्ही रीडिंग घ्या. ६२°१४'२०" आणि ६२°१४'४०" आले तर दोन्ही लिहून मग सरासरी ६२°१४'३०". फक्त सरासरी लिहिली तर दोन रीडिंग एकमेकांपासून किती दूर होती ते समजत नाही. चार बाजूंचं बंद ट्रॅव्हर्स (स्टेशनांना जोडणाऱ्या रेषांची मालिका) असेल तर आतल्या कोनांची बेरीज ३६० अंशांच्या किती जवळ आहे, ते शेवटच्या स्टेशनवर उभं असतानाच बघा.

टोटल स्टेशन आलं तरी वही सुटत नाही

टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक उपकरणात कोन, अंतर, कोऑर्डिनेट सगळं मेमरीत जातं, मग लिहायचं काय? मेमरीला जे आपण सांगतो ते. उपकरणाची उंची, प्रिझमची (पोलवरच्या परावर्तकाची) उंची, प्रिझम कॉन्स्टंट, तापमान, जॉबचं नाव, कोणत्या स्टेशनवर उभे आहोत, बॅकसाइट (दिशा पक्की करायला पाहिलेलं माहीत स्टेशन) कोणाला आणि बॅकसाइट तपासल्यावर किती फरक आला.

सर्वाधिक बिघडतं ते प्रिझमच्या उंचीत. झाडाच्या फांदीमुळे पोल १.५०० वरून २.००० ला नेला, उपकरणात बदल केला नाही, आणि पुढचे सगळे बिंदू अर्धा मीटर वर चढले. वहीत ‘बिंदू ४७ पासून प्रिझम २.०००’ एवढी ओळ असेल तर दहा मिनिटांत दुरुस्ती होते. नसेल तर कोणत्या बिंदूपासून बदललं हे कोणालाच सांगता येत नाही. बिंदूंचे नंबर स्केचवरही टाका. नुसत्या नंबरांच्या ढिगातून कुंपण कोणतं आणि गटार कोणतं, हे कॉम्प्युटर सांगत नाही. फाइल त्याच दिवशी उतरवून घ्या आणि तिचं नाव वहीत लिहा.

मैदान सोडण्याआधी

ट्रायपॉड उचलण्याआधी दहा मिनिटं वहीसाठी ठेवा. बेरजेची तपासणी पानाखाली झाली का, स्केचवर उत्तर आहे का, प्रत्येक स्टेशनचं नाव दोन्ही जागी आहे का, रिकामा रकाना विसरून राहिला आहे की मुद्दाम सोडला आहे. मग वही दुसऱ्या ग्रुपच्या एखाद्याला द्या आणि त्याला विचारा, ‘सीपी १ दाखव.’ त्याने जाऊन अचूक त्या कडेवर बोट ठेवलं तर शेरे नीट लिहिले गेले आहेत. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ग्रुपमध्ये टाका, म्हणजे वही बसमध्ये राहिली तरी काम राहत नाही.

वही लिहिण्याची पाळी सगळ्यांनी घ्या. ज्याने कधी लिहिलंच नाही, त्याला व्हायवामध्ये ‘हे रीडिंग आयएसमध्ये का, एफएसमध्ये का नाही?’ या प्रश्नावर अडखळायला होतं.

जर्नल सुबक लिहायचं असतं, ते लिहा. पण मळकी, डाग पडलेली मूळ वही टाकू नका आणि तिची ‘फेअर’ प्रत काढून तीच मूळ म्हणून देऊ नका. उतरवताना आकडे उलटतात, १.३५८ चं १.३८५ होतं, आणि मग कोणता खरा हे ठरवायला मूळ पानच लागतं. जर्नलमध्ये प्रत्येक तक्त्याखाली ‘फील्ड बुक क्र. २, पान ७ ते ९’ असा संदर्भ द्या, आणि सबमिशनच्या दिवशी दोन्ही एकत्र टेबलावर ठेवा.